योरुबात आकडे कसे बांधायचे: एकपासून वीस हजारांपर्यंत

योरुबात पंचेचाळीस म्हणायचं तर आधी वीस त्रिक साठ करायचे. त्यातून दहा काढायचे आणि उरलेल्या पन्नासातून आणखी पाच काढायचे. हे सगळं एका शब्दात बसतं: आरुँदिँलाआदॉता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की अशा भाषेत शंभरपर्यंतचे आकडे पाठच करावे लागत असतील. तसं नाही. मराठीत ‘पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस’ हे खरोखर एकेक करून पाठ करावे लागतात, कारण त्यांची रूपं झिजून गेली आहेत. योरुबात वीसेक तुकडे आणि चार-पाच नियम हाताशी असले की १९९ पर्यंतचा कोणताही आकडा स्वतः बांधता येतो, आणि ऐकलेला उकलताही येतो.

नैर्ऋत्य नायजेरियात, म्हणजे लागोस, इबादान, ओयो, ओशोग्बो या पट्ट्यात, आणि शेजारच्या बेनिन व टोगो या देशांच्या काही भागांत योरुबा बोलतात. इथे दिलेली रूपं प्रमाण योरुबातली आहेत. गावागावाच्या बोलीत स्वर थोडे हलतात, पण आकड्यांचा सांगाडा हाच राहतो.

आधी उच्चार

हा भाग गाळू नका. आकडे चुकतात ते बहुतेक उच्चारामुळे, गणितामुळे क्वचितच.

योरुबात ‘ए’ आणि ‘ॲ’ हे दोन वेगळे स्वर आहेत, तसेच ‘ओ’ आणि ‘ऑ’. रोमन लिपीत लिहिताना ॲ आणि ऑ या स्वरांच्या अक्षराखाली टिंब देतात. आपल्याकडे ‘बॅट’ आणि ‘बॉल’मुळे हे दोन्ही स्वर जिभेला माहीत आहेत, त्यामुळे देवनागरीत ते चांगले उतरतात. योरुबातला ॲ मात्र ‘बॅट’मधल्याइतका पसरट नसतो, ‘ए’कडे किंचित झुकलेला असतो. हा फरक ढिला सोडला तर काय होतं ते पाहा. ‘एजे’ म्हणजे सात, पण ‘ॲजॅ’ म्हणजे रक्त. ‘ॲजॉ’ म्हणजे आठ, पण ‘एजो’ म्हणजे साप.

चंद्रबिंदू जिथे आहे तिथे स्वर नाकातून काढायचा, शेवटी न किंवा म उमटू द्यायचा नाही. ‘ओगुँ’ हा ‘ओगुन’ नव्हे आणि ‘ओगुम’ही नव्हे. कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो तसा अनुनासिक इथे हवा.

‘ग्ब’ हा एकच आवाज आहे. ‘अग्बा’ला आपण सवयीने ‘अग्-बा’ असं तोडतो, तसं तोडायचं नाही. ओठ मिटून ठेवा, त्याच वेळी जिभेचा मागचा भाग ‘ग’ म्हणताना लागतो तिथे टेकवा, आणि दोन्ही एकदम सोडा. दोनशे आणि त्यापुढचे बहुतेक मोठे आकडे याच आवाजावर उभे आहेत.

सगळ्यात महत्त्वाचे सूर. प्रत्येक अक्षरावर खालचा, मधला किंवा वरचा सूर असतो. योरुबा शिकवणारे त्यांना दो-रे-मी म्हणतात. आपण सा-रे-ग धरू. ‘ओगुँ’ रे-ग म्हटलं तर वीस, रे-रे म्हटलं तर युद्ध, आणि सा-ग म्हटलं तर लोखंडाचा देव. ‘ऑग्बॉँ’ रे-सा म्हणजे तीस, रे-ग म्हणजे शहाणपण. ‘इग्बा’ रे-रे म्हणजे दोनशे, रे-ग म्हणजे भोपळ्याचं भांडं, सा-सा म्हणजे काळ किंवा वेळ. रोमन लिपीत स्वरावर उजवीकडे चढणारी तिरपी रेघ म्हणजे वरचा सूर, उलट बाजूची म्हणजे खालचा, आणि काहीच नसेल तर मधला. देवनागरीत इथे सूर दाखवलेले नाहीत, म्हणून प्रत्येक मूळ शब्द एकदा तरी योरुबा माणसाच्या तोंडून ऐकून मगच पक्का करा.

मूळ दहा

ऑकाँ (१), एजी (२), ॲता (३), ॲरिँ (४), आरुँ (५), ॲफा (६), एजे (७), ॲजॉ (८), ॲसाँ (९), ॲवा (१०).

नुसती मोजदाद करताना ‘एक’साठी ‘एनी’ असाही शब्द येतो. जोडशब्दात मात्र नेहमी ऑकाँ.

या दहांपैकी दोन आणि सात ‘ए’ने सुरू होतात, तर तीन, चार, सहा, आठ, नऊ, दहा ‘ॲ’ने. हे आत्ताच डोक्यात ठेवा. पुढे चाळीस आणि साठ यांचे स्वर वेगळे का, याचं उत्तर इथेच आहे.

आणखी तीन शब्द पाठ करायचे: ओगुँ (२०), ऑग्बॉँ (३०), इग्बा (२००). आणि दोन क्रियापदं: ‘ले’ म्हणजे वर असणं, जास्त होणं, ‘दिँ’ म्हणजे कमी होणं. सगळी इमारत या दोघांच्या खांद्यावर आहे.

एकम स्थानी पाचच्या पुढे जायचं नाही

योरुबा आकड्यांचं मर्म या एका वाक्यात आहे. २० च्या पुढे कोणत्याही आकड्याच्या एकम जागी सहा, सात, आठ, नऊ हे शब्द येतच नाहीत. तिथे एक ते पाच एवढेच असतात. सहा ते नऊ यांचं काम वेगळं, ते वीसला आणि दोनशेला गुणायला येतात.

म्हणून बांधणी अशी करायची. आकड्याचं एकम पाहा. ते १ ते ४ असेल तर मागचा दशक घ्या आणि ‘ले’ लावून मिळवा. ते ५ ते ९ असेल तर पुढचा दशक घ्या आणि किती कमी आहेत ते ‘दिँ’ लावून सांगा.

आपल्याला हे अगदी परकं नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणऐंशी यांत आपण एक कमी करतोच, पावणेदोनशेत पाव शेकडा कमी करतो, आणि ‘पाच कमी शंभर’ हे बाजारात सहज म्हणतो. आपल्याकडे वजाबाकी नऊवर थांबली, योरुबात ती पाचपर्यंत खाली आली. आणखी एक सोय म्हणजे ‘बावीस’, ‘तेवीस’सारखं योरुबातही एकम आधी आणि दशक नंतर येतं.

शब्द जोडताना मध्ये ‘नी’ (-त, -वर) हे अव्यय असतं. ‘ऑकाँ ले नी ओगुँ’ म्हणजे ‘एक, वीसवर जास्त’. भरभर बोलताना ‘नी’चा ई गळतो आणि न चा ल होतो: ऑकाँलेलोगुँ (२१). ‘ॲरिँ दिँ नी ओगुँ’ म्हणजे ‘चार, विसात कमी’, त्याचं झालं ॲरिँदिँलोगुँ (१६). न चा ल होण्याचा हा नियम पुढचा शब्द ‘इ’ सोडून दुसऱ्या कोणत्याही स्वराने सुरू होत असेल तरच लागतो. ‘इग्बा’ इ-ने सुरू होतो, तिथे न तसाच राहतो: ऑकाँलेनिग्बा (२०१), ऑकाँदिँनिग्बा (१९९). शिकणारे इथे ‘लेलिग्बा’ म्हणून जातात, ते चूक.

सुरांतही एक बदल आहे. जोडशब्दात गेल्यावर ऑकाँ, ॲता, ॲरिँ यांच्या शेवटच्या अक्षराचा मधला सूर खाली उतरतो, म्हणजे सा-रेचं सा-सा होतं. एजी मुळातच सा-सा असल्यामुळे तसाच राहतो.

अकरा ते तीस

११ ते १४ साठी छोटं रूप आहे: ऑकाँला, एजीला, ॲताला, ॲरिँला. ‘ले ॲवा’, म्हणजे दहावर जास्त, आखडून हा ‘ला’ उरला.

१५ म्हणजे ॲॲदोगुँ, विसात पाच कमी. हा शब्द झिजलेला आहे, त्यात ‘आरुँ’ आणि ‘दिँ’ वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून पाठ करा. २५ ही तसाच: ॲॲदॉग्बॉँ, तिसात पाच कमी. असे झिजलेले पाच फक्त याच दोन ठिकाणी आहेत. ३५ पासून पुढे ‘आरुँदिँल-’ असं सरळ रूप मिळतं.

१६ ते १९: ॲरिँदिँलोगुँ, ॲतादिँलोगुँ, एजीदिँलोगुँ, ऑकाँदिँलोगुँ. २१ ते २४: ऑकाँलेलोगुँ, एजीलेलोगुँ, ॲतालेलोगुँ, ॲरिँलेलोगुँ. २६ पासून तिसाकडून मागे यायचं: ॲरिँदिँलॉग्बॉँ (२६) ते ऑकाँदिँलॉग्बॉँ (२९). मग ३१ ते ३४ तिसावर चढायचं: ऑकाँलेलॉग्बॉँ आणि पुढचे.

विसाशी ‘लो’ आणि तिसाशी ‘लॉ’, कारण ‘ल’ला पुढच्या शब्दाचा पहिला स्वर चिकटतो. नव्या माणसाच्या तोंडून २६ साठी ‘ॲरिँदिँलोग्बॉँ’ जातं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कानाला ते खडबडीत लागतं.

१६ हा आकडा योरुबांच्या आयुष्यात इतर आकड्यांहून जवळचा आहे. सोळा कवड्या टाकून कौल घेण्याच्या पद्धतीचं नावच ‘ॲरिँदिँलोगुँ’ आहे. म्हणजे त्या विधीचं नाव शब्दशः ‘विसात चार कमी’. इफा या मोठ्या दैवविद्येत १६ मुख्य ओदू, म्हणजे कौलाच्या ठरलेल्या आकृती, आहेत आणि १६ सोळे २५६ मिळून पूर्ण संच होतो. हा २५६ आपण पुढे बांधूच.

विसाचा पाढा, आणि त्यात अडकलेले दहा

चाळीसच्या पुढचे दशक बांधायचे तर विसाचा पाढा म्हणायचा. वीस दुणे चाळीस: ओगुँ आणि एजी मिळून ओगोजी. वीस त्रिक साठ: ऑगॉता. वीस चोक ऐंशी: ऑगॉरिँ. वीस पाचा शंभर: ऑगॉरुँउँ. मग १२० ऑगॉफा, १४० ओगोजे, १६० ऑगॉजॉ, १८० ऑगॉसाँआँ. इथे सहा, सात, आठ, नऊ भेटले ते गुणक म्हणून.

आता स्वर पाहा. ४० आणि १४० मध्ये ‘ओगो’, बाकी सगळीकडे ‘ऑगॉ’. दोन आणि सात ‘ए’ने सुरू होतात, त्यांच्या शेजारी ‘ओ’ बसतो. ‘ॲ’ने सुरू होणाऱ्यांच्या शेजारी ‘ऑ’ लागतो. योरुबात एका शब्दात ‘ओ’ आणि ‘ऑ’, किंवा ‘ए’ आणि ‘ॲ’, सहसा सरमिसळ करत नाहीत. पाच ‘आ’ने सुरू होतो, त्याच्याशीही ‘ऑ’च येतो. हे लक्षात आलं की ‘ऑगॉजी’ अशी चूक पुन्हा होत नाही.

मधले दशक, म्हणजे ५०, ७०, ९० आणि पुढचे, थेट मिळत नाहीत. पुढचा विसाचा टप्पा घ्यायचा आणि त्यातून दहा काढायचे. ‘दहा कमी’ हे आखडून शब्दाच्या तोंडाशी ‘आआद-’ असं उरलं आहे. ५० म्हणजे ६० मधून १०: आआदॉता. ७० आआदॉरिँ, ९० आआदॉरुँउँ, ११० आआदॉफा, १३० आआदोजे, १५० आआदॉजॉ, १७० आआदॉसाँआँ. १३० मध्ये पुन्हा ‘दो’ आला, बाकी सगळीकडे ‘दॉ’, कारण तोच.

इथे हमखास होणारी चूक अशी. ‘आआदॉता’त तीन ऐकू येतो म्हणून माणूस ‘तीस’ समजतो, किंवा ‘साठ’ समजतो. तीन म्हणजे तिसरा विसाचा टप्पा, आणि ‘आआद’ म्हणजे त्याच्या दहा पावलं अलीकडे. आआदॉरिँ ऐकलं की मनात ‘चार, ऐंशी, दहा अलीकडे, सत्तर’ असं चाललं पाहिजे. आठवडाभर सवय केली की मधल्या पायऱ्या गळून जातात.

१९० साठी पुढचा टप्पा २०० चा, आणि त्याला स्वतःचा शब्द आहे. म्हणून तिथे ‘दहा, दोनशेत कमी’ असं उघड म्हणतात: ॲवादिँनिग्बा.

आता कोणताही आकडा

४५: एकम पाच, म्हणून पुढचा दशक ५०, आआदॉता. त्यात पाच कमी: आरुँदिँलाआदॉता. दोन वजाबाक्या झाल्या, ६० मधून १०, मग ५.

५१: एकम एक, दशक ५०: ऑकाँलेलाआदॉता. ६० मधून १० वजा, वर १ अधिक. आपण बोट मोजून पाहिलं तर ५१ ला पोचायला ६० पर्यंत जाऊन परत येणं विचित्र वाटेल, पण शब्द एका दमात येतो.

५५: पुढचा दशक ६०, तो सरळ विसाच्या पाढ्यातला: आरुँदिँलॉगॉता. ४५ आणि ५५ मध्ये गोंधळ फार होतो. दोन्हींत ‘पाच कमी’ आहे आणि दोन्हींच्या शेवटी ‘ता’ आहे. फरक फक्त ‘लाआदॉ’ आणि ‘लॉगॉ’ एवढा. बाजारात कान इथे लावा.

६७: सात म्हणजे पुढच्या दशकात तीन कमी. ७० मधून ३: ॲतादिँलाआदॉरिँ.

९९: ऑकाँदिँलॉगॉरुँउँ, शंभरात एक कमी. मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत वजाबाकी करून नेमकं ९९ ला आपण ‘नव्याण्णव’ म्हणत नव्वदावर नऊ चढवतो. योरुबात असा अपवाद नाही.

११५: १२० मधून ५, आरुँदिँलॉगॉफा. १३६: १४० मधून ४, ॲरिँदिँलोगोजे. १७५: १८० मधून ५, आरुँदिँलॉगॉसाँआँ.

१८५ पासून पुढे जोडशब्द लांबण्यापेक्षा खुलं वाक्य सोपं जातं: ‘इग्बा ओ दिँ मेजीला’, म्हणजे ‘दोनशे, त्यात बारा कमी’, १८८. या खुल्या रचनेत क्रम उलटतो. जोडशब्दात लहान आकडा आधी येतो, खुल्या वाक्यात मोठा आकडा आधी, मग ‘ओ ले’ (त्यावर जास्त) किंवा ‘ओ दिँ’ (त्यात कमी), आणि शेवटी लहान आकडा. क्रम मिसळला तर ऐकणारा गोंधळतो.

वस्तू मोजताना ‘म’ लागतो

वर ‘मेजीला’ आला, ‘एजीला’ नाही. आकडा नुसता म्हणायचा असेल तर एजी, ॲता. वस्तू मोजायच्या असतील तर पुढे म लागतो: मेजी, मॅता, मॅरिँ, मारुँउँ, मॅफा, मेजे, मॅजॉ, मॅसाँआँ, मॅवाआ. एकला म लागत नाही, तो नुसता ‘काँ’ होतो. अकराला मात्र लागतो: मॉकाँला.

नाम आधी, आकडा नंतर. इले मेजी म्हणजे दोन घरं, इवे मॅता म्हणजे तीन पुस्तकं, ॲयिँ मेजीला म्हणजे डझनभर अंडी. नामाचं अनेकवचन करायचं नाही, ‘इले’ एकही आणि दहाही.

२०, ३०, ४०, ५० अशा पुऱ्या दशकांना म लागत नाही आणि ते नामाच्या आधी येतात: ओगुँ इले, वीस घरं; ऑग्बॉँ ऑमॉ, तीस मुलं. पण एकवीस घरं म्हटलं की पुन्हा नाम आधी आणि म परत: इले मॉकाँलेलोगुँ. नायजेरियाच्या चलनात, नायरात, भाव करताना हे रोज लागतं: नायरा मारुँउँ पाच नायरा, पण ओगुँ नायरा वीस नायरा. ‘किती?’ विचारताना वस्तूंसाठी ‘मेलो’ आणि किमतीसाठी ‘एलो’. पहिल्यात तोच म बसलेला आहे.

म च्या जागी क घातला की क्रमवाचक होतं: केजी दुसरा, कॅता तिसरा, कॅरिँ चौथा, कॉकाँला अकरावा. पहिला मात्र ‘किइनी’. वेळा सांगायच्या तर लॅॲकाँ एकदा, लॅॲमेजी दोनदा, लॅॲमॅता तीनदा. ‘दोघंही’, ‘तिघंही’साठी मेजेएजी, मॅतॅॲता.

दोनशेच्या पुढे, आणि कवड्या

दोनशे हे वेगळं मोठं माप का, हे नुसत्या व्याकरणातून कळत नाही. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं कवडी हे चलन होतं आणि त्या कवड्या मुख्यतः मालदीवच्या समुद्रातून यायच्या. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेतली कवडी ती हीच. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत मोजणी अशी दिसते: मोजणारा ढिगापाशी बसतो, पाच-पाच कवड्या एका वेळी ओढतो, पाचाचे चार गट झाले की वीस, विसाचे पाच ढीग एकत्र केले की शंभर, आणि दोन शंभर एकत्र सरकवले की इग्बा. दोरीत ओवलेल्या कवड्यांचा हिशेब वेगळा: एका माळेत ४०, अशा ५० माळा म्हणजे २,०००, आणि दोन हजारांचे दहा गट म्हणजे २०,००० चं एक पोतं. त्या पोत्याचं नाव ऑकॅ, आणि वीस हजारांचा आकडाही ‘ऑकॅ काँ’, एक पोतं.

म्हणून २०० च्या पुढे गुणायचं माप बदलतं. ३०० ऑऑदुँरुँ आणि ४०० इरिँवो पाठ करायचे. त्यापुढे दोनशेचा पाढा: ॲग्बॅता ६००, ॲग्बॅरिँ ८००, ॲग्बॅरुँउँ १,०००, ॲग्बॅफा १,२००, ॲग्बॅजॉ १,६००, ॲग्बॅसाँआँ १,८००. मधल्यांसाठी शंभर काढायचे: ॲॲदॅग्बॅता ५००, ॲॲदॅग्बॅरिँ ७००, ॲॲदॅग्बॅरुँउँ ९००.

मग २,००० ला ‘ॲग्बाआ’, आणि तिथून दोन हजारांचा पाढा: ॲग्बाजी ४,०००, ॲग्बाता ६,०००, ॲग्बारिँ ८,०००, ॲग्बारुँउँ १०,०००. मधल्यांत हजार काढायचे: ॲॲदॅग्बाता ५,०००. फक्त ३,००० वेगळा, तो ‘दोनशे गुणिले पंधरा’ होतो: ॲग्बॅॲदोगुँ. त्याच्या आत पंधरा, म्हणजे ‘विसात पाच कमी’, अख्खा बसला आहे.

इथे थांबून ‘ॲॲद-’ आणि ‘आआद-’ शेजारी ठेवून पाहा. पंधरात आणि पंचविसात पाच कमी, म्हणजे दहाच्या टप्प्याचे निम्मे. पन्नासात दहा कमी, विसाच्या टप्प्याचे निम्मे. पाचशेत शंभर, दोनशेचे निम्मे. पाच हजारांत हजार, दोन हजारांचे निम्मे. चारही ठिकाणी अर्थ एकच: ‘या टप्प्याला अर्धं पाऊल अलीकडे’. हे एकदा दिसलं की पाठ करायचं ओझं निम्मं होतं, आणि या रचनेची सुंदर घडण हातात येते.

दोनशेवरचे तुटक आकडे खुल्या वाक्याने बांधा. २५६: इग्बा ओ ले मॅरिँदिँलॉगॉता, दोनशे, वर साठात चार कमी. ५२५: ॲॲदॅग्बॅता ओ ले मॅॲदॉग्बॉँ, सहाशेत शंभर कमी, वर तिसात पाच कमी. १,२३४: ॲग्बॅफा ओ ले मॅरिँलेलॉग्बॉँ. नायजेरिया स्वतंत्र झाल्याचं साल, १९६०: ॲग्बाआ ओ दिँ ओगोजी, दोन हजारांत चाळीस कमी. सालासाठी आधी सर्वांत जवळचा मोठा टप्पा शोधा, तो वर असो की खाली. खालून चढत जायचा हट्ट धरला तर वाक्य उगाच लांबतं.

आज प्रत्यक्षात काय ऐकू येतं

मोठ्या रकमा आता हजारात सांगतात: ॲग्बॅरुँउँ मेजी, म्हणजे ‘हजार, दोन’. ॲग्बाआ ऐकलं तरी लोकांना कळतं. दशलक्षाला ‘मिलिऑनू’. फोन नंबर, साल, भाव यांत इंग्रजी आकडे सर्रास येतात, मराठीत येतात तसेच. दशमान पद्धतीने योरुबा आकडे सोपे करावेत असंही अभ्यासकांनी सुचवलं आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आल्यावर आपल्याकडे जी चर्चा झाली, तिच्यासारखाच हा प्रश्न आहे. शिकणाऱ्याने मात्र जुनी रूपं सोडू नयेत. वयस्कर माणसं, इफाचे पाठ, जुने हिशेब आणि म्हणी यांतून तीच येतात, आणि १९९ पर्यंत तर बोलण्यातही तीच आहेत.

सराव करताना बांधण्याइतकंच उकलणंही करा. शब्द शेवटाकडून पकडा: आधी दशक ओळखा, मग ‘ले’ की ‘दिँ’ ते पाहा, मग पुढचा लहान आकडा. हे चार उकलून पाहा: ॲतालेलोगोजी, एजीदिँलाआदॉफा, आरुँदिँलोगोजी, ॲरिँलेलाआदोजे.

पहिला ४३. दुसरा १०८, ११२ आला असेल तर ‘दिँ’ऐवजी ‘ले’ धरला, ११८ आला असेल तर ‘आआद’ सुटला. तिसरा ३५, ४५ आला असेल तर पाच काढण्याऐवजी मिळवले. चौथा १३४, १५४ आला असेल तर ‘आआद’मधले दहा वजा करायच्या जागी मिळवले गेले, आणि १४४ आला असेल तर ते वजा करायचेच राहिले.